सगळ्यांना विचारणारे मुकुंदराव

मुकुंदराव घारे यांनी एकदा डहाणू-तलासरी एसटीत खिडक्यांवर मतदान घेतलं होतं. एप्रिल महिना, रस्त्याचं काम चाललेलं, आणि धुळीचे लोटच्या लोट आत येत होते. पुढच्या बाकांवरच्यांना खिडक्या बंद हव्या होत्या, मागच्यांचा जीव गुदमरत होता. कुणीतरी काच ओढली, मागून कुणीतरी ओरडलं, आणि हे गृहस्थ उठून उभे राहिले. एका हाताने वरची दांडी धरलेली, खांद्याला झोळी. "एक मिनिट! सगळ्यांना विचारलं का?" म्हणाले. मी त्याच गाडीत होते, तलासरीला नणंदेकडे चालले होते. मी आपली पटकन बाहेर बघायला लागले. हा माणूस आमच्या घरात भाड्याने राहतो हे अख्ख्या गाडीला कळायला नको होतं.

बंदच्या बाजूचे हात मोजून झाले आणि उघडीच्या बाजूचे मोजायला घेतले, तेवढ्यात कंडक्टर त्यांच्यापाशी पोचला. "साहेब," तो म्हणाला, "लोकांचं नंतर बघू. तुम्ही तिकीट घेतलं का?"

घेतलं नव्हतं. विसरले होते.

ही गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची. मी तेव्हा डहाणूच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते आणि आमचे हे रेल्वेत बुकिंग क्लार्क. घराच्या मागची, चिकूच्या झाडांकडे तोंड असलेली खोली रिकामी होती. मुंबईहून एक विद्यार्थी येणार आहे, असं यांच्या साहेबांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर वीस वर्षांचा पोरगा आला. आला तो तिशी उलटलेला, कपाळ मागे गेलेला, उंच बाप्या. पत्र्याची ट्रंक, टेबललॅम्प आणि पुस्तकांची दोन खोकी. खोली बघण्याआधी त्यांनी मला विचारलं, "वहिनी, मी इथे राहिलो तर तुम्हाला चालेल ना?" म्हटलं, अहो, आमच्या यांनी हो म्हटलंय की. तर म्हणाले, "ते हो म्हणाले. पण तुम्हाला विचारलं का त्यांनी?"

खरं सांगायचं तर नव्हतं विचारलं. आमचे हे तिथेच उभे होते, त्यांनी एकदम चपला शोधायला सुरुवात केली.

मुकुंदराव कसला अभ्यास करतात हे गल्लीला समजावून सांगणं माझ्या नशिबी आलं. त्यांना मुंबईच्या एका संस्थेची फेलोशिप होती. विषय असा की गावात नवं यंत्र येतं, मग ते टेलिफोन असो, टीव्ही असो की पाण्याचा पंप, तेव्हा ते कुठे बसणार हे ठरवतं कोण, आणि ज्यांच्यासाठी ते येतं त्यांना कुणी विचारतं का. तंत्रज्ञानाचं धोरण आणि लोकशाही, असं काहीतरी भारदस्त नाव होतं त्याला. समोरच्या किराणावाल्या जयंतीभाईंना मी हे सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "एटले ए करे छे शुं?"

"विचारतात," मी म्हटलं.

"अने एना पैसा मळे छे?"

"मिळतात."

जयंतीभाईंनी वर बघून हात जोडले. "भगवान, मने पण एवी नोकरी आप."

विचारणं मात्र जिवापाड. वरोरहून हिरूबाय मासे घेऊन आमच्या दारात यायची. तिच्या टोपलीसमोर मुकुंदराव उकिडवे बसायचे. बर्फाचा कारखाना कुठे असावा हे तुमच्या गावातल्या बायकांना कुणी विचारलं का? बंदरावरचे दिवे लावताना विचारलं का? हिरूबायने दोन-तीन दिवस ऐकून घेतलं, मग एक दिवस म्हणाली, "भाऊ, बोंबील घेतोस? नाय घेत तं सरक, मागचं गिऱ्हाईक दिसत नाय मला." ते सरकले, पण प्रश्न सोडला नाही. बाजूला उभं राहून पुन्हा तोच.

मला राग यायचा. अहो, माणसाने किती विचारावं! भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तर हे आधी विचारणार, बाकीच्यांचं काय मत आहे. माझ्या हाताखाली रोज डहाणूभरचं बोलणं चालायचं. तेव्हा डायल नव्हते. माणसाने हँडल फिरवलं की आमच्या बोर्डावर त्याच्या नंबरची झडप पडायची, आम्ही दोरीची पिन खोचून 'नंबर?' विचारायचं आणि जोडून द्यायचं. दिवसभर लोकांची बोलणी जोडून घरी यावं तर हे प्रश्न घेऊन ओट्यावर हजर. एकदा मी चिडून म्हटलं, "मुकुंदराव, तुम्ही लग्न का नाही केलं ते कळलं मला. मुलीकडच्या वऱ्हाडातल्या प्रत्येकाला विचारत बसला असाल." ते हसले. पण तो हसण्याचा विषय नव्हता, असं त्यांच्या तोंडावरून वाटलं, म्हणून मी विषय बदलला.

मग तलासरीच्या बाजूच्या एका गावाला सार्वजनिक फोन मंजूर झाला. अख्ख्या गावाला मिळून एक. मुकुंदरावांना हवं होतं ते नेमकं हेच. फोन येण्याआधीपासून फोन येईपर्यंत सगळं बघायला मिळणार होतं. ते रोज सकाळच्या गाडीने जायचे आणि संध्याकाळी लाल धुळीने माखून परत यायचे.

गावाची रचना अशी की रस्त्याला लागून सरपंचांचं घर आणि थोडी वस्ती. मग ओहोळ. ओहोळाच्या पलीकडे शाळा आणि सगळ्यात मोठा पाडा. उन्हाळ्यात ओहोळ कोरडा, पोरं त्यात खेळतात. पावसात तोच ओहोळ दोन-दोन दिवस माणूस उतरू देत नाही. फोन रस्त्यालगत सरपंचांच्या ओटीवर बसणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तिथे दार आहे, कुलूप आहे, लिहितं-वाचतं माणूस आहे.

पाड्यात नवशीबाय म्हणून एक बाई होती. तिची मुलगी आदल्या पावसाळ्यात बाळंतपणात गेली. गाडी बोलवायला तलासरीला माणूस धाडला, पण त्याला ओहोळ ओलांडायलाच अर्धा दिवस थांबावं लागलं. गाडी रस्त्याला येऊन लागली तेव्हा पोर संपली होती. हे मुकुंदरावांनी मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं. हातात पाण्याचा तांब्या होता, तो तसाच. "वहिनी, फोन ओहोळाच्या अलीकडे राहिला तर पाड्याला काय उपयोग? तो त्या बाजूला हवा. पावसाच्या आत हवा." पुढचे दोन दिवस त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही. मलाच चुकल्यासारखं झालं.

पण त्यांना त्यात पडायची परवानगी नव्हती. मुंबईला त्यांच्या मार्गदर्शक बाई होत्या, फार शिस्तीच्या. त्यांनी बजावून ठेवलं होतं, की तुम्ही बघायचं आणि लिहायचं. गावाने काय ठरवायचं त्यात बोट घालायचं नाही. घातलंत तर तो अभ्यास राहत नाही, आणि फेलोशिपही राहत नाही.

गावाची सभा भरली. तालुक्याचे साहेब खुर्चीवर, शेजारी सरपंच, समोर माणसं आणि पार मागे बाया. साहेबांनी जाहीर केलं, फोन सरपंचांकडे, कुणाची हरकत? कुणी बोललं नाही. साहेब पुढच्या विषयाकडे वळले आणि आमचे मुकुंदराव उभे राहिले. बसवेना त्यांना. "साहेब, हरकत आहे का असं नका विचारू. दोन्ही जागा सांगा आणि हात वर करायला सांगा."

साहेब चांगल्या मूडमध्ये होते, म्हणाले घ्या तुम्हीच. मुकुंदरावांनी विचारलं, सरपंचांच्या घरी फोन कुणाला हवा? सगळ्यांनी हात वर केले. नवशीबायनेसुद्धा. मुकुंदरावांचा चेहरा पडला. तरी पुढचं विचारलं, शाळेत कुणाला हवा? पुन्हा सगळ्यांनी हात वर केले. सरपंचांनीसुद्धा! साहेबांना हसू आवरेना. "झालं का तुमचं मतदान?"

त्या संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर मान खाली घालून बसले. जेवले नाहीत. "सगळे दोन्हीकडे कसे असतील, वहिनी?"

मी म्हटलं, "अहो, सरपंच काही वाईट माणूस नाही. पाड्यातल्यांच्या लग्नाकार्याला उभा राहतो, दुखण्याला धावतो. त्याच्या तोंडावर, चार लोकांत, तुझं घर नको असा हात कोण वर करील? आणि तुम्ही एवढ्या लांबून येऊन प्रेमाने विचारताय, तर तुम्हाला तरी नाही कोण म्हणणार? त्यांनी दोघांचा मान राखला. तुम्ही मोजत काय बसलात!"

ते म्हणाले, "मग माणसाला मनातलं सांगायचं असेल तर त्याने कुठे सांगायचं?" मी ताट वाढून झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते गेले ते थेट पाण्यावर. बाया हंडे घेऊन बसल्या होत्या. मुकुंदरावांनी वही काढली आणि अभ्यासाचा म्हणून आपला नेहमीचा प्रश्न टाकला. फोन सरपंचांच्या घरात आला तर तुम्ही रात्री-अपरात्री जाल, पावसात चिखलाच्या पायांनी जाल, हे घर ज्या बाईचं आहे तिला कुणी विचारलं का? सरपंचीणबाईंना विचारलं का?

बायांनी एकमेकींकडे बघितलं. मुकुंदरावांना वाटलं, प्रश्न कळला नाही. त्यांनी वही मिटली आणि निघाले.

प्रश्न चांगला कळला होता. त्या दिवसापासून एकेक बाई सरपंचांच्या घरी जायला लागली. भांडायला नाही हं, विचारायला. पहिली म्हणाली, "बाय, रातचं आलो तं कुत्रा बांधशील ना?" दुसरी पोरांना घेऊन गेली आणि फोन कुठे ठेवणार ती जागा बघून आली. तिसरीने विचारलं, आजारी माणसाची बातमी यायची वाट बघायची तर ओटीवर झोपायला चालेल ना. नवशीबाय गेली ती चिखलाच्या पायांनीच गेली, कुठून चिखल आणला देव जाणे, आणि म्हणाली, "पाय आसे असतील बाय पावसात. चालंल ना तुला?" कुणी नाही म्हटलं नाही. कुणी तक्रार केली नाही. फक्त विचारलं.

आठवड्याच्या आत सरपंचीणबाईंनी नवऱ्याला सांगितलं, तो डबा माझ्या घरात नको. गावाचं देऊळ करून टाकाल माझ्या ओटीचं! आणि मग सरपंच स्वतः डहाणूला आमच्या ऑफिसात येऊन बसले. शाळेपर्यंत तार न्यायची तर खांब जास्त लागत होते. खांब मिळेपर्यंत हलले नाहीत. शाळेत फोन ही कल्पना आपलीच, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, अगदी मलासुद्धा. मी म्हटलं, वा! काय डोकं लावलंत.

मुकुंदराव त्या दिवशी इतके खूश होते की त्यांनी जयंतीभाईंच्या दुकानात सगळ्यांना पेढे वाटले. आणि मग घरी येऊन टेबललॅम्प लावून त्यांनी घडलं ते सगळं मुंबईच्या बाईंना लिहून टाकलं. आपण विचारलं म्हणून बाया गेल्या, हेही लिहिलं. मी कपाळावर हात मारला. "अहो, एवढं एक वाक्य गाळायचं की!"

"ते गाळलं तर बाकीचं खोटं होईल, वहिनी."

उत्तर यायला वेळ लागला नाही. जे बघायला पाठवलं होतं ते तुम्हीच घडवलंत, तेव्हा फेलोशिप पुढे चालू ठेवता येणार नाही. बाईंनी सभ्य भाषेत लिहिलं होतं, मुकुंदरावांनी मला शांतपणे वाचून दाखवलं. म्हणाले, त्यांचं बरोबर आहे. मला इतका संताप आला की मी हातातली कढई आदळली. बरोबर कसलं! चार वर्षं शिकून, सहा-सात महिने धूळ खाऊन माणसाने एक खरी गोष्ट केली, तर त्याच्या हातातून अभ्यास काढून घेतला. मला आजही ते पटलेलं नाही, आणि कुणी समजावूही नये.

फोन बसेपर्यंत ते थांबले. ओहोळाला पहिलं पाणी येण्याच्या दोन-चार दिवस आधी तार जोडली गेली. शाळेच्या व्हरांड्यात लाकडी पेटीत फोन, आणि पेटीची किल्ली शेजारच्या झोपडीत नवशीबायकडे. तिला वाचता येत नव्हतं, पण त्याने काही अडत नव्हतं. हँडल फिरवलं की मी आहेच.

त्या दिवशी दुपारी माझी ड्यूटी होती. नव्या नंबरची झडप पडली. पिन खोचली. "नंबर?"

"वहिनी, मी मुकुंद बोलतोय." मागे हा कोलाहल. "इथे सगळा पाडा जमलाय. आणि एक घोटाळा झालाय."

"काय झालं?"

"कुणालाच कुणाला फोन करायचा नाहीये. म्हणजे ज्याला करावा, असं फोनवालं माणूसच कुणाच्या ओळखीचं नाही. आम्ही फोन कुठे ठेवायचा यावर एवढं रान उठवलं, आणि हे मी एकालाही विचारलं नाही."

मी हसले. म्हटलं, द्या एकेकाला, मी आहे ना बोलायला. मग एकेक जण यायला लागला. "कोन तू?" "मी डहाणूची बाई." "जेवलीस का?" "जेवले." "बरा." आणि पुढचा. म्हातारे बोलले, पोरं बोलली, सरपंच ओहोळ ओलांडून आले होते तेही बोलले. शेवटी नवशीबायचा आवाज आला. पण ती माझ्याशी बोलत नव्हती, शेजारी उभ्या असलेल्या मुकुंदरावांशी बोलत होती. फोन तिच्या हातात तसाच उघडा होता आणि मला सगळं ऐकू येत होतं.

"आता तू कर," ती म्हणाली. "तू शेहराचा. तुझ्या आयसला कर."

"आई नाही मला. लहानपणीच गेली."

"मंग बापाला कर."

"तेही नाहीत."

"मंग वाढवला कोनी तुला?"

मग मुकुंदराव बोलले, आमच्या ओट्यावर बोलायचे त्याच साध्या आवाजात. "काका होते तिघे. आणि एक मामा. दर वर्षी उन्हाळ्यात सगळे बसून ठरवायचे, यंदा मुकुंद कुणाकडे. मी दाराबाहेर उभा असायचो. दार उघडलं की कळायचं कुठली ट्रेन."

"तुला नाय विचारत?"

"नाही."

"येकदा पन नाय?"

मी कानावरचा हेडफोन घट्ट धरून बसले होते आणि बोर्डावर दोन-तीन झडपा पडल्या होत्या, त्यांच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. ज्या माणसाच्या प्रश्नांनी मी इतके महिने वैतागले होते, त्याला मी स्वतः जेवणाखेरीज काही विचारलं होतं का, ते आठवेना. मग नवशीबाय म्हणाली, "आसा कर. तू गेलास का आमाला फोन कर. हा हाय ना आता."

आठवड्याने ते गेले. ट्रंक, लॅम्प, खोकी. आमचे हे स्टेशनात त्यांना गाडीत बसवून आले. पाऊस सरला, दिवाळी झाली. आमच्या मागच्या खोलीत बोर्डीच्या शाळेतले एक मास्तर राहायला आले, ते कुणाला काहीच विचारत नसत. बिचारे सज्जन होते, पण मला करमेना.

आणि डिसेंबरात एका सकाळी मुंबईहून ट्रंक कॉल आला, पाड्याच्या नंबरासाठी. बाहेरून त्या नंबराला आलेला तो माझ्या ड्यूटीवरचा पहिला कॉल. मुंबईच्या ऑपरेटरने नाव सांगितलं, घारे. मी जोडून दिला आणि लाइनवर थांबले. नियमाने थांबायचं नसतं. थांबले.

"नवशीबाय, मी मुकुंद."

"जेवलास?" ती म्हणाली. सकाळचे नऊ वाजले होते.

"नवशीबाय, मला एक नोकरी मिळतेय. आसामात. फार लांब आहे, तीन दिवस गाडीत बसावं लागतं. काम चांगलं आहे. पण जाऊ की नको ते कळत नाही." मग जरा थांबून, चाचरत म्हणाले, "तुम्हाला सगळ्यांना काय वाटतं?"

"थांब हां. ठेवू नको."

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग तिची हाक, एकदा, दोनदा, लांब जाणारी. पोरं पळाली असावीत. ट्रंक कॉलची तीन मिनिटं झाली की ऑपरेटरने मध्ये बोलायचं असतं. ती झाली, आणखी तीन झाली. मुंबईचा ऑपरेटर लाइनवर आला, मी त्याला म्हटलं, महत्त्वाचं आहे, तोडू नका. पलीकडे मुकुंदराव वाट बघत होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. इकडे शाळेच्या व्हरांड्यात माणसं जमत होती, वाद चालला होता, कुणी म्हणत होतं आसाम कुठे आलं, कुणी म्हणत होतं थंडी असते तिकडे.

शेवटी नवशीबायने फोन उचलला. "हायस का?"

"आहे."

"आइक. बाया म्हनतात जा. म्हातारे म्हनतात नको जाऊस. सरपंचाला निरोप धाडलाय, तो यायचा हाय. आमचा आजून ठरत नाय. तू उद्या परत कर."

"बरं," मुकुंदराव म्हणाले. आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. "उद्या करतो."

दोन्ही पिना काढून मी जागेवरच डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, नणंदेकडे जायचं ठरलं होतं. मी सुपरवायझरना सांगून सुट्टी रद्द केली आणि सकाळी आठलाच बोर्डावर जाऊन बसले.